पस्तीस अंश

"मिस्त्री, खालचा नट धर," बाबा म्हणाले आणि मी "हं" म्हणाले. फाटकाची कडी अजून माझ्या हातात होती, खांद्यावर दोन दिवसांच्या कपड्यांची पिशवी होती आणि पत्र्याच्या शेडमध्ये पाठमोरे बसलेल्या बाबांनी मला पाहिलंही नव्हतं. माझ्या "हं"बरोबरच आतून आणखी एक "हं" आला. मोटरसायकलच्या पलीकडून माझ्या धाकट्या भावाची बायको वर उठली. हातात पातळ पाना, कोपरापर्यंत बाह्या सरकवलेल्या, कपाळावर तेलाचं एक बोट. "अय्या, ताई आल्या," ती म्हणाली. बाबा वळले, हसले, "ये, ये, जेवलीस का?" म्हणाले. मी जेवून आले होते. पिशवी घेऊन मी सरळ आत गेले, पाणी प्यायले, आणि ग्लास विसळताना माझ्या लक्षात आलं की दोन "हं" एकाच वेळी आल्याचं त्या दोघांपैकी कुणालाच ऐकू आलं नव्हतं. ते फक्त मी ऐकलं होतं.

सेहेचाळीस वर्षांची बाई, मोजमापाच्या उपकरणांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत एका विभागाची प्रमुख, हाताखाली नऊ माणसं. एका टोपणनावानं तिला काही होऊ नये. पण झालं. मला या भावनेचं नाव माहीत होतं आणि नाव माहीत असल्यानं ती कमी झाली नाही. मिस्त्री मी होते. वयाच्या नवव्या वर्षापासून, दर चार महिन्यांनी एका सकाळी, ह्याच शेडमध्ये, ह्याच गाडीपाशी. भाऊ तेव्हा सहा वर्षांचा होता आणि पेट्रोलचा वास आला की नाक धरून पळायचा. अजूनही त्याला गाडीत पेट्रोल कुठून भरतात यापलीकडे काही ठाऊक नाही. मी मात्र उकिडवी बसून राहायचे. बाबा सिलिंडरच्या बाजूचं छोटं झाकण काढायचे. आत दोन उभ्या दांड्या दिसायच्या, पेन्सिलीएवढ्या जाड, पोलादाच्या. खालून इंजिन त्यांना वर ढकलतं आणि त्या वर जाऊन व्हॉल्व्ह उघडतात, एक हवा आत घेणारा, एक धूर बाहेर सोडणारा. दांडी फार ढिली असली तर टिकटिक वाजते. फार घट्ट असली तर व्हॉल्व्ह पुरता मिटतच नाही आणि हळूहळू जळून जातो. "मधोमध पाहिजे," बाबा म्हणायचे. "दोन बोटांत धरून फिरवली तर फिरली पाहिजे. पण वर-खाली जराही हलता कामा नये. डोळे मीट आणि बोटांना विचार." मी डोळे मिटायचे. दांडी गार असायची, तेलानं गुळगुळीत, आणि बाबा तीन पाने सांभाळत नट पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे करायचे, आणि अचानक एक क्षण यायचा की दांडी माझ्या बोटांत फिरायची, पण तिच्यात पोकळपणा नसायचा. "आता," मी म्हणायचे. ते माझ्या शब्दावर वरचा नट आवळायचे. आवळताना सेटिंग किंचित सरकतं, म्हणून पुन्हा बघायचं, पुन्हा. "शाबास, मिस्त्री." हे सगळं थंड इंजिनावर करायचं. आदल्या दिवशीपासून गाडी बाहेर काढायची नाही, हा घरातला नियमच होता. आई म्हणायची, "बाळंतिणीला एवढी विश्रांती दिली नव्हती ह्यांनी."

मग ते सगळं कधी संपलं, हेही मला नेमकं माहीत आहे. तेवीस वर्षांची होते. पहिल्या पगारातून पातळ पट्ट्यांचा एक गेज घेतला होता, शतांश मिलिमीटरपर्यंत फट मोजणारा, बाबांसाठी, रंगीत कागदात गुंडाळून. त्यांनी तो उलटापालटा करून बघितला, "छान आहे," म्हणाले आणि खिशात ठेवला. त्या सकाळी त्यांनी बोटांनी दांड्या लावल्या, आणि मी त्यांच्याच खिशातून गेज काढून फट तपासली. "बाबा, ही दोन शतांशानं ढिली आहे." आवाजात आनंद होता माझ्या, खरं सांगायचं तर विजय होता. ते माझ्याकडे बघत राहिले. "असेल," म्हणाले, आणि झाकण लावून टाकलं. पुढच्या खेपेला त्यांनी मला हाक मारली नाही. मी नोकरीत गुंतले, मग लग्न, मग दुसऱ्या शहरात. ते एकटेच करत राहिले. आमच्यात त्यावर एक शब्दही झाला नाही, आणि जी जागा मी स्वतःच्या तोंडानं घालवली होती ती तेवीस वर्षं रिकामी राहिली म्हणून मी ती माझीच समजत आले.

खिडकीतून शेड दिसत होती. बाबांचा उजवा हात गेली दोन वर्षं कापतो. चहाचा कप आई अर्धाच भरते, आणि बाबा ते दिसलंच नाही असं दाखवत पितात. त्या हातानं पाना धरणं अशक्य. म्हणून ती धरत होती. ती दातांची डॉक्टर आहे, आणि हे मला त्या क्षणी फार अन्यायाचं वाटलं. दिवसभर दुसऱ्याच्या तोंडात, न दिसणाऱ्या कोपऱ्यात, बोटांच्या भरवशावर काम करणारी बाई. मी वीस वर्षं हातमोजे घालून काम करते, कारण आमच्याकडे उघड्या बोटाची ऊबसुद्धा मोजमापाच्या पोलादी ठोकळ्याची लांबी बदलते. तिची बोटं जागी होती आणि माझी मी जपून, कापडात गुंडाळून, निजवली होती. बाबा काहीतरी म्हणाले आणि ती हसली. मग तिनं डोळे मिटले.

"बघितलंस?" आई माझ्यामागे येऊन म्हणाली. "चार महिने झाले, हे असंच चाललंय. दर रविवारी सकाळी सासरे मागे, सून पुढे, नदीपर्यंत जाऊन येतात. लोक वळून बघतात. माझा वाढदिवस विचार ह्यांना, सांगता येणार नाही. व्हॉल्व्ह किती किलोमीटरला करायचे ते झोपेत सांगतील."

"तू का नाही बसत मागे?"

"मी बसले होते. लग्नाच्या वर्षी. अजून कंबर दुखते," आई म्हणाली, आणि मग आवाज खाली आणून, "पण बरं आहे गं. हात कापायला लागल्यावर सहा महिने बोलत नव्हते कुणाशी. हिनं बोलतं केलं."

मी "हिनं" या शब्दापाशी थांबले. मी दर रविवारी फोन करत होते. किती वेळा विचारलं होतं, बाबा कसे आहात, आणि ते बरा आहे म्हणाले होते, आणि मी बरे आहेत अशी नोंद घेऊन फोन ठेवला होता.

दुपारी कळलं ते असं: गाडी टिकटिकायला लागली होती, आणि आवाज नीट ऐकायला म्हणून दोघं एक वाजता चक्कर मारून आले होते. इंजिन तापलेलं, तेव्हा बाबा आज नुसतं दाखवत होते, काम थंड झाल्यावर. "संध्याकाळ होऊ दे. उद्या सकाळी केलं तर आणखी चांगलं," असं म्हणून ते झोपायला गेले. साडेतीनला मी शेडमध्ये गेले. का गेले ते ठाऊक नाही. म्हणजे ठाऊक आहे: तिथे कुणी नसेल असं वाटलं होतं. ती होती. झाकण काढून, पाने फडक्यावर ओळीनं मांडून, जशी तिच्या दवाखान्यात हत्यारं मांडत असेल.

"ताई, जरा बघता का?" ती म्हणाली. "मला पाचला दवाखान्यात जायचंय, आणि उद्या सकाळी गाडी हवी. बाबा उठायच्या आत करून ठेवलं तर त्यांना किती बरं वाटेल. पण पुरेशी थंड झालीय का कळत नाही. हाताला गरमही लागत नाही नि थंडही लागत नाही. तुम्हाला कळेल."

मी तळहात सिलिंडरवर टेकला. तळहाताच्या कातडीचं तापमान तेहेतीस अंशांच्या आसपास असतं. जे त्याच्या जवळपास असेल ते हाताला गरम लागत नाही आणि थंडही लागत नाही. हात गप्प राहतो. मला ते गप्प राहणं ओळखीचं आहे. पस्तीस, मी मनात म्हटलं. उद्या पहाटेपर्यंत थंडीत हे चौदावर येईल. एकवीस अंशांचा फरक. सिलिंडर ॲल्युमिनियमचा, दांड्या पोलादाच्या. निवताना सिलिंडर दांड्यांपेक्षा जास्त आखडणार. पंधरा सेंटिमीटर उंचीला साडेतीन शतांश मिलिमीटर, केसाच्या जाडीच्या निम्मं. आत्ता मोकळी फिरणारी दांडी उद्या सकाळी अडकून बसेल, व्हॉल्व्ह मिटणार नाही, गाडी सुरू होणार नाही. हा हिशेब करायला मला जेमतेम दोन श्वास लागले. या दोन श्वासांत मी तिच्या हाताकडे बघत होते. नखं कापलेली, बोटं लांब, अंगठ्यावर काळं तेल. उद्या सकाळी बाबा या बोटांकडे बघतील, आणि ते "असेल," म्हणतील.

"झालीय," मी म्हणाले.

"नक्की ना?"

"हो."

आणि मी तिथेच उभी राहून तिला काम करताना बघितलं. तिनं चाक हळूहळू फिरवून पिस्टन वर आणला, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेल्या ठिकाणी. मग पहिली दांडी. तिनं घाई केली नाही. नट आवळल्यावर सेटिंग सरकलं तेव्हा ती वैतागली नाही, पुन्हा सोडलं, पुन्हा लावलं, चार वेळा. मी नऊ वर्षांची असताना इतकी शांत नव्हते. तिचं चुकावं म्हणून मी तिच्या प्रत्येक हालचालीत खोट शोधत होते, आणि ती सापडत नव्हती. त्या सगळ्या कामात एकच खोट होती आणि ती मी घातलेली होती. मला अजून सांगता आलं असतं. ती दुसऱ्या दांडीवर आली तेव्हाही आलं असतं.

बाबा उठून आले ते लोकरीची टोपी घालून, डोळे चोळत. "केलंस पण?" म्हणाले. "थंड होती का पण पुरेशी?"

"ताईंनी हात लावून बघितलं," ती म्हणाली.

"मग झालं," बाबा म्हणाले. "ती म्हणाली म्हणजे झालं." आणि ते स्टुलावर बसले, सिलिंडरकडे न बघता, त्याला हातही न लावता, फक्त झाकण काढलेल्या जागेतून आत दोन बोटं घातली. हवेत कापणारा हात दांडीला टेकला की कापायचा थांबत होता. त्यांनी डोळे मिटले. पहिली फिरवली, मग दुसरी. मी त्यांचा चेहरा बघत होते. गेल्या दोन वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता. "वा," ते म्हणाले. "माझ्याहून चांगलं केलंस." पण मला त्यातलं तिचं कौतुक ऐकूच आलं नाही. ती म्हणाली म्हणजे झालं. तेवीस वर्षं मी जे गेलं समजत होते ते गेलेलं नव्हतं. माझ्या शब्दाला ह्या शेडमध्ये एवढी किंमत होती की त्यावर त्यांनी साधा तळहातही टेकवला नाही. आणि ते मला कळलं तो शब्द खोटा पडून अर्धा तास झाल्यावर. मी तोंड उघडलं असतं तर त्या तोंडानं काय सांगायचं होतं? मी चहा टाकते, म्हणाले आणि आत गेले.

सकाळी फाटकाच्या लोखंडावर दव होतं. भाऊ पांघरुणातून "नदीला माझा नमस्कार सांगा" असं ओरडून पुन्हा झोपला होता. बाबांनी बूट घातले होते, आईनं त्यांच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळला होता, लहान मुलाला गुंडाळावा तसा. भावाच्या बायकोनं किक मारली. पाय कशालाही न अडता खाली गेला. एरवी ह्या गाडीची किक तळव्याला परत ढकलते, आत कुणी जिवंत असल्यासारखी. दुसरी, तिसरी. दहाव्या किकला ती थांबली आणि म्हणाली, "आत दमच नाहीये, बाबा."

त्यांनी झाकण उघडायला लावलं. ती वाकली. "फिरत नाहीयेत," म्हणाली. "दोन्ही. एकदम घट्ट. बाबा, माझंच चुकलं. नट आवळताना सरकलं असणार."

"सरकलं असतं तर काल मला कळलं असतं," बाबा म्हणाले. ते स्टुलावर बसले, आत बोटं घातली, फिरवायचा प्रयत्न केला, पुन्हा केला. मग त्यांनी हात बाहेर काढून मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले. तो कापत होता. "काल मी फिरवल्या होत्या. मोकळ्या लागल्या. चांगलं केलंस म्हटलं मी तुला. तुझं काही चुकलं नाही. माझी बोटंच गेली आता. घट्ट दांडी मोकळी वाटायला लागली म्हणजे संपलंच." त्यांनी मफलर सोडायला सुरुवात केली. कापऱ्या बोटांना गाठ सुटेना. "झाकण लाव," ते म्हणाले. "कुणाला हवी असेल तर देऊन टाकू गाडी. उगाच तू पण कशाला..."

मी हे असं ठरवलं नव्हतं. मी तिचं चुकावं असं ठरवलं होतं, आणि तो घाव कुठे जाऊन बसेल याचा हिशेब केला नव्हता. धातू किती आखडेल ते मला साडेतीन शतांशापर्यंत माहीत होतं, पण माझ्या शब्दावर संशय घेणं बाबांना सुचणारच नाही, आणि म्हणून संशय घ्यायला त्यांच्याजवळ फक्त स्वतःचा हात उरेल, एवढी साधी गोष्ट मला दिसली नव्हती.

"बाबा, काल इंजिन थंड नव्हतं," मी म्हणाले.

त्यांनी वर बघितलं. "तू हात लावला होतास ना?"

"लावला होता. पस्तीस अंश होतं."

"पस्तीस," ते म्हणाले. त्यांची नजर माझ्यावरून निघून सिलिंडरवर गेली, आणि मी त्यांना विचार करताना पाहिलं, जसे ते पूर्वी विचार करायचे, ओठ किंचित हलवत. "आणि रात्री एवढी थंडी. मग आखडणारच की. घट्ट होणारच." त्यांनी उजवा हात उचलून पुन्हा बघितला, वेगळ्या नजरेनं, हरवलेली वस्तू सापडावी तसा. "म्हणजे काल मोकळ्याच होत्या. मला लागलं ते बरोबर होतं." ते हसले. "अगं, ऐकलंस का," त्यांनी आईला हाक मारली, "कधी नव्हे ते आपली लेक चुकली. चार दशकांत पहिल्यांदा. असू दे, असू दे, माणूस आहे. चल, पाने आण, आता तर मस्त गार आहे. पाव तासाचं काम."

मी चुकले नव्हते. ते त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकायचं नाही असं ठरवलं. मी त्यांना इतकं ओळखत नाही. पण ती फडकं उलगडायची थांबली होती. रात्र उलटून गेल्यावर नेमका आकडा सांगणाऱ्या हाताला काल दुपारी तो कळला नसेल, हे दातांच्या डॉक्टरला पटण्यासारखं नव्हतं. पाने घ्यायला ती माझ्याजवळून गेली तेव्हा बाबांना ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाली, "काल कळलं होतं तुम्हाला. पस्तीस."

"हो."

"आत्ता सांगितलंत ते बाबांसाठी."

"हो," मी म्हणाले. तिचा चेहरा बदलला नाही. रुग्णाचा एक्स-रे बघून झाल्यावर डॉक्टरांचा चेहरा होतो तसा होता, काय आहे ते कळलेलं, आता पुढचं काम. मला वाटलं ती आणखी काही विचारेल. का, असं विचारेल. मी उत्तरही तयार करत होते, आणि ते प्रत्येक वेळी 'मिस्त्री' या शब्दापाशी येऊन इतकं लहान, इतकं पोरकट होत होतं की तिनं विचारलं नाही याचंच बरं वाटलं.

तिनं काम केलं. नट सोडला, पाव आटा, परत, आवळला, पुन्हा तपासलं. बाबा शेजारी बसून काही सांगत नव्हते. आता सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. शेवटी त्यांनी आपली दोन बोटं आत घातली, फिरवलं, आणि समाधानानं नाकातून श्वास सोडला. मग त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, ते स्टुलावरून उठले. "तूही बघ," मला म्हणाले. "किती वर्षांत हात लावला नाहीस."

मी बसले. दांडी बर्फासारखी गार होती. वीस वर्षं हातमोज्यात राहिलेल्या माझ्या बोटांना आधी नुसती थंडीच कळली, मग तेल, मग, फार हळू, ते फिरणं, ज्यात पोकळपणा नव्हता. मी दुसरी फिरवली. तीही तशीच. तिनं अचूक लावली होती, आणि तेवढ्यात, त्या क्षणीही, पहिली जी गोष्ट माझ्या आत हलली ती आनंद नव्हती.

"कशा आहेत?" बाबांनी विचारलं.

"बरोबर आहेत," मी म्हणाले. "दोन्ही."

"झालं तर मग. ती म्हणतेय म्हणजे झालं," ते म्हणाले, आणि मफलरची टोकं कोटात खोचत गाडीच्या मागच्या बाजूला गेले. "लाव झाकण, निघू या. ऊन वर येतंय."

झाकण तिच्या हातात होतं. तिनं ते फडक्यावर परत ठेवलं. माझ्या शेजारी, माझ्याकडे न बघता, ती गुडघ्यांवर बसली, आणि मी बाजूला सरकेपर्यंत थांबून, आत दोन बोटं घालून तिनं दोन्ही दांड्या एकेक करून पुन्हा फिरवून पाहिल्या.